एक रायफल, दोन जनावरं: टेक्ससमधल्या नवख्या शिकाऱ्यासाठी

"कायोटीसाठी एक आणि डुकरासाठी एक अशा दोन रायफली काही घरात खपणार नाहीत, एकीत भागेल का?" टेक्ससमध्ये शिकारीच्या नादाला लागलेला मराठी माणूस कधी ना कधी हे विचारतोच. भागतं, आरामात भागतं. फक्त निवडताना नजर डुकरावर ठेवायची. डुकराला पुरणारी रायफल कायोटीला, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराला, चालून जाते. कायोटीसाठी घेतलेली डुकराला पुरेलच असं नाही. मी हे उलट्या क्रमाने शिकलो. त्या शिकवणीची फी म्हणून एक रायफल तोट्यात विकली आणि एक जखमी डुक्कर अंधारात हरवलं. पहिल्याचं दुःख केव्हाच संपलं, दुसऱ्याचं अजून आहे.

खालचं सगळं टेक्ससपुरतं आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. कोकणात किंवा विदर्भात डुकरांनी रातोरात शेत लोळवलं तरी शेतकऱ्याला परवानगीशिवाय बार काढता येत नाही. टेक्ससमध्ये रानडुक्कर हे मूळचं जनावरच नाही. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटली, रानटी झाली. पुढे १९३०च्या दशकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, आणि दोघांची सरमिसळ झाली. आज राज्यात त्यांची संख्या २० लाखांच्या वर धरतात. मादी साधारण ११५ दिवसांत विते आणि वर्षात दोन वेळाही विऊ शकते. त्यामुळे रँचमालक शिकाऱ्याला नाही म्हणण्यापेक्षा 'कधी येताय' असं विचारण्याची शक्यता जास्त.

पायरी १: रायफलीच्या आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथली चूक पैशाने भरून निघत नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळात मनाई आहे. त्यात एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ सगळे आले. विकत घेणं लांब राहिलं, मित्राची रायफल रेंजवर हातात घेऊन चार बार काढणंही 'बाळगणं' ठरू शकतं. सुट्टीत आलेल्या बाबांच्या हाती फोटोपुरती रायफल देण्याचा मोह आवरा. या मनाईला थोडे अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणं. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ही अट लागू नाही.

आता यातली मेख. २०१९पासून टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही. म्हणून ऑफिसातला अमेरिकन सहकारी तुम्हाला अगदी मनापासून सांगेल, "लायसन्स कशाला काढतोस?" त्याचं त्याच्यापुरतं बरोबर आहे. तुम्हाला एच-१बीवर परवाना लागतो तो रायफल हातात धरण्यासाठी. डुकराचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय टेक्ससचा वार्षिक शिकार परवाना कधीही काढा, तो ३१ ऑगस्टला संपतो. नवे १५ ऑगस्टपासून मिळतात. १ सप्टेंबरच्या सकाळी कपाटात रायफल आणि पाकिटात जुना परवाना अशी वेळ येऊ देऊ नका. मी व्हिसावर होतो तोवर फोनमध्ये १६ ऑगस्टचं स्मरण कायम लावलेलं होतं.

सलग सहा महिने टेक्ससमध्ये राहिलात की रहिवासी म्हणून साधा शिकार परवाना २५ डॉलरला मिळतो. कायोटीसाठी तो तसाही लागतोच. गुराढोरांवर किंवा कोंबड्यांवर प्रत्यक्ष हल्ला करणारा कायोटी तेवढा अपवाद. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारी प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो, आणि वय १७ किंवा जास्त असेल तर तो ऑनलाइन होतो. करायचा म्हणून करू नका, लक्ष देऊन करा. गोळी लक्ष्याच्या पलीकडे कुठे जाईल याचा विचार आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात केलेला नसतो.

दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्व विचारतात, आय-९४चा किंवा एलियन क्रमांक विचारतात, आणि व्हिसावर असाल तर परवाना दाखवावा लागतो. फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पार्श्वभूमीची तपासणी कधी पाच मिनिटांत होते, कधी दोन-तीन दिवस लटकते. आपल्या नावांच्या स्पेलिंगमुळे लटकली तर वाईट वाटून घेऊ नका. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ते उत्तर तुमच्या व्हिसाच्या कागदांवर अवलंबून असतं, कुठल्याही लेखावर नाही.

पायरी २: दोन्ही जनावरं नीट बघा

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ. रँचवरची जुनी माणसं त्याला 'कायओट' म्हणतात. तुम्ही 'कायोटी' म्हणालात की शहरातून आलात हे त्यांना कळतं. वजन साधारण ११ ते १८ किलो. केस फुगलेले असतात म्हणून मोठा दिसतो, पण त्याचं हृदय-फुप्फुस सामावणारा भाग जेमतेम चार इंचांचा. अंगाने नाजूक, नाक-कान-डोळे तिन्ही तल्लख. त्याला मारायला ताकद लागत नाही, नेम लागतो.

डुकराचं सगळं उलटं. डोळे अधू, नाक मात्र विलक्षण. पूर्ण वाढलेलं डुक्कर १०० पौंडांपासून ४०० पौंडांच्या वर, म्हणजे ४५ किलोपासून १८० किलोच्या पुढे जाऊ शकतं. तुम्हाला दिसणारी बहुतेक त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असतील. थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कूर्चेसारखा थर असतो. इथे त्याला शील्ड म्हणतात, आपण ढाल म्हणू. नरांच्या आपसातल्या मारामारीत सुळ्यांपासून वाचण्यासाठी ती असते, पण हलक्या गोळीलाही ती अडवते.

दुसरी गोष्ट हरणाच्या शिकारीतून आलेल्यांना फसवते. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये असतात. खांद्याच्या मागे टिचभर अंतर सोडून, उंचीच्या मध्यावर गोळी मारली तर ती बऱ्याचदा यकृतात किंवा पोटात जाते. जनावर पळतं, झुडपात शिरतं आणि तासन् तास तडफडतं. त्यामुळे पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरायचा, आणि गोळीत ते खांद्याचं हाड फोडून आत जाण्याचं बळ हवं. कानामागची जागा झटपट मारते, पण डोकं सतत हलत असतं. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

दोघांच्या गर्दीत तिसरे काही उभे असतात, त्यांना ओळखायला शिका. जॅव्हलिना दिसतं डुकरासारखं, पण कायद्याने ते शिकारीचं संरक्षित जनावर आहे: परवाना लागतो, संख्येची मर्यादा असते, रात्री मारता येत नाही. ते लहानखुरं, करडं-काळं, मानेभोवती फिकट पट्टा, आणि शेपूट जवळजवळ नाहीच. दक्षिण आणि पश्चिम टेक्ससमध्ये ते बरंच दिसतं, आणि रात्री थर्मलमध्ये, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीत, तो पट्टा दिसत नाही. तसंच अगदी दक्षिणेला, लागुना अटास्कोसाच्या परिसरात ओसेलॉट ही ठिपक्यांची रानमांजर उरली आहे. ती संकटग्रस्त आहे आणि बॉबकॅट या दुसऱ्या रानमांजरीशी गल्लत होऊ शकते. शंका आली की चापावरचं बोट काढायचं.

पायरी ३: तुमच्या जागेवरचं अंतर मोजा

रँचवर जाऊन प्रत्यक्ष मोजा. एक लेसर रेंजफाइंडर उसना मिळतो. पूर्व टेक्ससच्या झाडीत डुक्कर ६० यार्डांपलीकडे दिसणारच नाही. मक्याच्या फीडरसमोर (आमिष म्हणून दाणे टाकणारं यंत्र) लपणात बसलात तर अंतर ७० ते १२० यार्ड. पश्चिमेकडच्या मोकळ्या रानात सशाच्या किंकाळीचा आवाज लावून कायोटीला बोलावलं, तर तो २०० यार्डांवर थांबून आधी वाऱ्याची बाजू घेतो. दोन्ही मिळून बहुतेक नवख्यांचे बार २०० यार्डांच्या आतच होतात. दुकानातला माणूस हजार यार्डांच्या गोष्टी सांगेल. ऐकून घ्या, पैसे त्यावर घालू नका.

पायरी ४: काडतूस ठरवा

सगळी भांडणं इथे होतात. आकडे कंपनी, गोळी आणि नळीच्या लांबीप्रमाणे थोडे बदलतात, पण नळीच्या तोंडाशी मिळणाऱ्या ऊर्जेचा अंदाज असा (काडतुसांची नावं आकड्यांतच असतात, आणि ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप): ५५ ग्रेनच्या .२२३ रेमिंग्टनला सुमारे १,२८० फूट-पौंड, १०० ग्रेनच्या .२४३ विन्चेस्टरला १,९००च्या आसपास, १४० ग्रेनच्या ६.५ क्रीडमूरला सुमारे २,३००, आणि १५० ग्रेनच्या .३०८ विन्चेस्टरला सुमारे २,६५०. साडेसात-आठ पौंडांच्या रायफलीत खांद्याला बसणारी लाथ त्याच क्रमाने वाढते: तीन-चार, नऊ-दहा, बारा, आणि सोळा-अठरा फूट-पौंड.

.२२३ स्वस्त आहे, लाथ नाहीच म्हणा, आणि कायोटीसाठी उत्तम. डुक्करही त्याने मरतं, हे खोटं नाही. टेक्ससमध्ये रोज मरतं. पण चांगली गोळी, जवळचं अंतर आणि अचूक जागा ही तिन्ही जुळावी लागतात, आणि नवख्याच्या हातून तीनपैकी एक निसटतंच. तिरपं उभं असलेलं मोठं नर डुक्कर समोर आलं तर .२२३वाल्याने थांबलेलं बरं. माझी पहिली रायफल .२२-२५० होती, म्हणजे त्याच व्यासाची पण आणखी वेगवान गोळी. कायोटीवर जादू. नराच्या खांद्यावर मात्र ती हलकी गोळी वरच्या वर फुटली, थाळीएवढी जखम झाली, आत काही पोचलं नाही. टॉर्च घेऊन दोन तास रक्ताचे थेंब शोधले. शेवटी ओढ्यापाशी मागच संपला.

.२४३ हे या प्रश्नाचं जुनं, पुस्तकी उत्तर. .३०८च्याच काडतुसाचं पितळी कवच तोंडाशी निमुळतं करून १९५५ साली ते बाजारात आलं. हलकी गोळी घालून कायोटी-कोल्हे, जड गोळी घालून हरीण, हीच त्याची ख्याती. डुकरासाठी मी याला खालची मर्यादा मानतो: ९५ ते १०० ग्रेनची, टिकून राहणारी गोळी असेल तर ठीक. खांदा हलका असेल, लाथेने डोळे मिटत असतील, तर हेच घ्या. आमच्या घरी माझ्या बायकोने .२४३वर हात बसवला आणि शंभर यार्डांवर ती आजही माझ्यापेक्षा घट्ट गट मारते, म्हणजे तिच्या गोळ्या एकमेकींच्या जास्त जवळ लागतात. हे मी लपणात बसून कबूल करत नाही.

६.५ क्रीडमूर हॉर्नडी कंपनीने २००७मध्ये आणलं. मूळ उद्देश लांबच्या निशाणेबाजीचा, पण दोन्ही जनावरांच्या मधोमध ते चपखल बसतं. डुकरासाठी लांबट, जड गोळी, खोल शिरणारी, लाथ.३०८पेक्षा बरीच कमी. आज कुणी मला कोरी पाटी देऊन 'एकच सांग' म्हणालं, तर नवख्याला मी बोल्ट रायफलीत (दर बारानंतर हाताने बोल्ट ओढून नवं काडतूस भरायचं ती) हेच सांगेन.

.३०८ माझ्याकडे आहे. १९५२पासून बाजारात असलेलं, कुठल्याही गावातल्या दुकानात मिळणारं, डुकराच्या बाबतीत शंकेला जागा न ठेवणारं काडतूस. कायोटीला जरुरीपेक्षा फार जास्त, कातडं फाटतं. कातडी विकायची नसतील तर त्याने काही बिघडत नाही. ज्यांचं ऐंशी टक्के लक्ष डुकरांवर आहे त्यांनी खुशाल घ्यावं, फक्त सरावाची काडतुसं .२२३च्या जवळपास दुप्पट किमतीला पडतात, हे आधी लक्षात घ्या.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. .३०-३० झाडीत छान, पण कायोटी दीडशे यार्डांपलीकडे असेल तर हळहळ. .३०० ब्लॅकआउट सायलेन्सरवाल्यांचं लाडकं, अंतर कमी. आणि त्यात एक जिवावरचा धोका: ते .२२३च्या रायफलीत शिरू शकतं आणि चाप ओढला तर नळी फुटते. घरात दोन्ही ठेवायची असतील तर डबे, मॅगझिन, कपाट सगळं वेगळं. ६.५ ग्रेंडेल एआर-१५वाल्यांसाठी चांगलं आहे, त्याच्याकडे पुढच्या पायरीत येतो.

पायरी ५: बोल्ट की सेमी-ऑटो

डुकरं कळपाने येतात. पहिल्या बारानंतर उरलेली दहा-पंधरा उधळतात आणि तेव्हा दुसरा, तिसरा बार झटपट काढता आला तर रँचमालकाला आनंद होतो. म्हणून टेक्ससमध्ये डुकरांसाठी एआर घराण्याच्या सेमी-ऑटो रायफली दिसतात, ज्यात पुढचं काडतूस आपोआप भरतं. एआर-१५ हलकी असते, पण तिच्या मॅगझिनच्या लांबीत .३०८ बसत नाही, त्यात.२२३ किंवा ६.५ ग्रेंडेलसारखी आखूड काडतुसं येतात. .३०८ किंवा क्रीडमूर हवं तर एआर-१० प्रकार घ्यावा लागतो. दुर्बीण, भरलेलं मॅगझिन धरून तो दहा पौंडांच्या पुढे जातो, आणि किंमतही तशीच पुढे जाते.

नवख्यासाठी माझं मत बोल्टच्या बाजूने आहे. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस, मॉसबर्ग पेट्रियट अशा रायफली साधारण ४०० ते ६५० डॉलरमध्ये येतात आणि शंभर यार्डांवर तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक असतात. टिका टी३एक्सचा बोल्ट लोण्यासारखा चालतो, पण त्याचे जास्त पैसे पडतात. मुख्य म्हणजे एकच बार नीट काढायची सवय लागते. पळत्या कळपावर भराभर गोळ्या सोडणं व्हिडिओत छान दिसतं. त्यातली किती डुकरं जखमी होऊन झुडपात गेली, हे व्हिडिओत येत नाही.

घेताना चार गोष्टी बघा. नळी २० ते २२ इंच. लपणाच्या खिडकीतून त्याहून लांब नळी वळवताना अडते. नळीच्या तोंडाला आटे पाडलेले असले तर बरं, पुढेमागे सायलेन्सर लावता येतो. टेक्ससमध्ये शिकारीला तो चालतो, पण त्याचे संघीय कागद वेगळे. दस्त्याची लांबी तुमच्या हाताला जुळते का ते दुकानात खांद्याला लावून पाहा. ही मापं बहुधा सहा फुटी माणसासाठी काढलेली असतात, आपल्याला ती अर्धा-पाऊण इंच लांब वाटू शकतात. लहान मापाचा दस्ता, ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, तो मागायला लाजू नका. आणि .२२३च घ्यायची ठरलीच, तर नळीवर ५.५६ कोरलंय का ते बघा. ५.५६च्या नळीत दोन्ही काडतुसं चालतात, नुसत्या .२२३च्या नळीत ५.५६ घालू नये.

पायरी ६: गोळी एकच ठेवा

रायफल एक आणि काडतुसं दोन प्रकारची, कायोटीसाठी हलकी, डुकरासाठी जड: कागदावर हा बेत झकास वाटतो. मीही केला होता. एका खिशात निळी डबी, दुसऱ्यात लाल. हलक्या गोळीवर झीरो केलेली (म्हणजे दुर्बिणीचा नेम त्या गोळीला जुळवलेली) रायफल जड गोळी शंभर यार्डांवर तीन इंच खाली आणि दीड इंच डावीकडे टाकत होती. रेंजवर हे वहीत लिहून ठेवलं होतं. अंधारात, थंडीने बोटं आखडलेली असताना, समोर कळप आल्यावर वही कोण उघडतो? बार पोटाखालून मातीत गेला, एवढंच नशीब.

म्हणून एकच. ती डुकरासाठीची: तांब्याचं आवरण शिशाला घट्ट जोडलेली, म्हणजे बाँडेड, किंवा पूर्ण तांब्याची. बार्न्स टीएसएक्स, नॉस्लर ॲक्युबाँड, फेडरल फ्यूजन ही दुकानात सहज दिसणारी नावं. या गोळ्या हाडावर फुटून विखुरत नाहीत, फुलतात आणि आत जातात. कायोटीत त्या आरपार जातात, आणि जागा बरोबर असेल तर तो तिथल्या तिथे पडतो. डबीवर 'व्हार्मिंट' लिहिलेली किंवा व्ही-मॅक्ससारखी भुगा होणारी गोळी डुकरावर वापरू नका, डबीवरचं चित्र कितीही आवडलं तरी.

दोन-तीन ब्रँडची एकेक डबी आणा, रायफलीला कुठली मानवते ते बघा. हा लहरीपणा खरा असतो. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला जी गोळी आवडते ती तुमचीला आवडेलच असं नाही. जी जमली तिच्या एकाच लॉटच्या दहा डब्या घेऊन ठेवा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना पूर्ण तांब्याचीच बाजू घ्यावी लागते, कारण तिथे जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळीला बंदी आहे.

पायरी ७: दुर्बीण, आणि रात्रीचा खर्च

दिवसासाठी ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी, ४० मिमी काचेची) किंवा २-१०× अशी साधी दुर्बीण. कमीत कमी शक्ती दोन-तीनच्या वर नको. ३० यार्डांवर डुक्कर आलं तर काचेत नुसते केस दिसतात. रायफलीवर ५०० खर्च केले असतील तर दुर्बीण आणि पक्क्या रिंगांवर ३०० तरी ठेवा. संध्याकाळच्या शेवटच्या वीस मिनिटांत स्वस्त काच काळवंडते, आणि डुकरं नेमकी तेव्हाच बाहेर पडतात.

उन्हाळ्यात डुकरं जवळपास निशाचर होतात. खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, डुक्कर आणि कायोटी रात्री मारता येतात. त्या भागाच्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आधी कळवून ठेवणं शहाणपणाचं, नाहीतर मध्यरात्री दिवे आणि आवाज बघून कुणीतरी त्याला फोन करतंच. थर्मल दुर्बीण रायफलीपेक्षा महाग पडू शकते. पहिल्या वर्षी घेऊ नका. फीडरला लावायचा हिरवा किंवा लाल दिवा शंभर डॉलरच्या आत येतो आणि काम भागवतो. थर्मलमध्ये उष्णता दिसते, जनावराचं नाव दिसत नाही: वासरू, रँचचा कुत्रा, जॅव्हलिना सगळे पांढरे ठिपके.

पायरी ८: झीरो आणि सराव

आधी २५ यार्डांवर कागदावर आणा, मग १०० वर, मग २०० वर पक्की करा. वरच्या मुख्य चार काडतुसांपैकी कुठलंही असो, २०० यार्डांवर झीरो केलेली रायफल १०० वर साधारण दीड-दोन इंच वर मारते आणि ३०० वर सात ते नऊ इंच खाली. म्हणजे २०० यार्डांपर्यंत कायोटीच्या त्या चार इंचांत सरळ नेम धरून चालतं. ज्यांच्यावरून एवढी भांडणं होतात ती काडतुसं आपल्या अंतरावर इतकी सारखी निघतात, हे पाहून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं.

बाकावर पोतं ठेवून मारणं दोन भेटींत उरका. नंतर लपणातल्या खुर्चीत बसून, तीन पायांच्या काठीवर, गुडघ्यावर. कायोटी तुम्हाला बाक आणू देत नाही. स्वस्तात हात बसवायचा तर .२२ रिमफायर, म्हणजे छोट्या स्वस्त काडतुसाची रायफल, उसनी घ्या, तिच्या पन्नास बारांत जे शिकाल ते .३०८च्या दहा बारांत शिकत नाही. कानांना संरक्षण दर वेळी, एका बारासाठीसुद्धा. आणि मागे मातीचा बांध किंवा उतार असल्याशिवाय चाप ओढू नका; .३०८ची गोळी दोन मैलांपलीकडे जाऊ शकते. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोच्या घरांमागच्या ओढ्यात कायोटी रोज दिसतो म्हणून तिथे हात शिवशिवू देऊ नका, शहराच्या हद्दीत गोळीबाराचे नियम वेगळे आणि कडक आहेत.

डुक्कर पडलंच तर कापताना रबरी हातमोजे घाला. त्यांच्यात ब्रुसेलोसिस असतो, तो रक्तातून माणसाला होतो. मटण आतून १६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवा. कुकरच्या चार शिट्ट्या देणाऱ्याला हे सांगायची गरज नसावी. कोल्हापुरी मसाल्यात कोवळी मादी फार छान लागते, थोराड नराला मात्र कुठलाच मसाला वाचवत नाही.

शेवटचं काम भारतात जायच्या आदल्या रात्रीचं. शिकारीला नेलेली पाठपिशवी विमानाला नेऊ नका. नेणारच असाल तर प्रत्येक कप्पा उलटा करून झटका. तळाशी घरंगळलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर यंत्रात दिसलं, तर शस्त्र कायद्याखाली पोलिसांना जबाब देण्यात सुट्टी जाते. थर्मल दुर्बीण भावाला दाखवायची हौसही घरीच ठेवा, ती अमेरिकेबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात मागच्या डिसेंबरात दोन काडतुसं सापडली, बॅग भरून झाल्यावर, रात्री साडेअकराला.